खेकड्यानं धरलेला चंद्र

अक्रा, ११ मे

क्वामिना मामा,

तुम्ही फोन तांदळाच्या डब्यात घालून ठेवलाय, हे आईनं सांगितलं. वाजला की डब्यावर उशी दाबता म्हणे. ठीक आहे. मग हे पत्र आपल्या गावच्या गाडीवाल्या अटोच्या हाती पाठवते. अटोला बजावलंय, मामांच्या हातातच द्यायचं, आणि ते फाडायला लागले तर निदान पहिलं पान वाचून होईपर्यंत हात धरायचा.

तुम्ही मला चोर म्हणालात. घरात नाही, पथकाच्या चौथऱ्यासमोर, तुमच्या अख्ख्या निळ्या दुसऱ्या पथकाच्या देखत. मी ईस्टरची सुट्टी संपवून अक्राच्या गाडीत बसले होते, म्हणून वाचलात. समोर असते तर तिथल्या तिथे भांडले असते.

मामा, चोरी म्हणजे काय हे मला गेल्या वर्षी चांगलंच शिकवलं गेलंय, म्हणून सांगते. तुम्हाला मिमो आठवते ना? निळ्या छत्रीची, गळ्यात घंटा बांधलेली पोरगी. बाजारात फोन चार्ज करून देणाऱ्याच्या टपरीत तिचा परदेशी व्हिडिओ गेम होता, आणि शाळा सुटली की मी तिथे पडीक असायचे. तुमच्या शिवणखोलीच्या भिंतीवर मी कोळशानं मिमो काढली आणि तुम्ही माझा कान पिरगाळलात. पुढे रंगारी आला तेव्हा भिंतीचा तेवढाच तुकडा तुम्ही त्याला रंगवू दिला नाहीत. तेही मला आठवतं.

माझ्याबरोबर गेम बनवणाऱ्या योफीनं आणि मी मिळून जो पहिला गेम केला तो मिमोचाच. मिमो आपल्या किनाऱ्यावर उतरते, होड्यांवरून उड्या मारते, किल्ल्याच्या भिंतीवरून छत्री उघडून तरंगत खाली येते. सगळ्यांना फुकट दिला. वर पाटी लावली: आम्ही केवळ चाहते, सर्व हक्क मूळ मालकांचे. आम्हाला वाटलं, एवढा नमस्कार घातला की झालं.

मग मिमोच्या कंपनीच्या वकिलाचं पत्र आलं. नाव आमचं, पोरगी आमची, छत्री आणि घंटा आमची, ती टिंगटिंग गाण्याची चालसुद्धा आमचीच. फुकट वाटता की विकता, आम्हाला घेणं नाही. सात दिवसांत काढून टाका, नाहीतर कोर्टात भेटू. योफी म्हणाला, "आपण शेजाऱ्याच्या झाडाचे आंबे तोडून गल्लीत वाटले, आणि वर पाटी लावली, झाड शेजाऱ्याचं आहे बरं का, आभारी आहोत!" मला हसू आलं नाही. सात दिवस कुठले, दुसऱ्याच दिवशी काढला.

अर्हिनफुल वकीलबाईंनी आम्हाला समोर बसवून समजावलं. "उडी मारणं कुणाच्या मालकीचं नसतं. तरंगणंही नसतं. नाव, रूप आणि चाल दुसऱ्याची नको. परक्याच्या दारात कशाला जाता? स्वतःच्या घरातलं काहीतरी घाला की!"

मी तेच केलं, मामा. मिमोच्या जागी निशाण नाचवणारी आपली पोरगी आली. छत्रीच्या जागी निशाण आलं. ती ते फडकावते आणि वाऱ्यावर तरंगते. आणि निशाणावर तुमचा, पथकासाठी तुम्ही शिवलेला खेकडा आहे, चंद्राला नांगीत धरून ओढणारा. "धरलं ते सोडत नाही." तो मी जन्मल्यापासून बघतेय. नांगीचं पिवळं कापड मी ताणून धरायचे आणि तुम्ही टाके घालायचात. खेकडा माझ्या घरातला नाही, तर मग कुणाच्या घरातला?

चोर म्हणे. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

तुमची (अजून तरी),
अराबा

•

अक्रा, ३ जून

क्वामिना मामा,

अटो म्हणाला, तुम्ही पत्र घेतलंत, खिशात घातलंत आणि त्याला केंके आणि तळलेला मासा खायला घातलात. वाचलं का म्हणून विचारलं तर म्हणतो, "ताई, मामांचा चेहरा म्हणजे बंद दुकान. आत माल आहे की नाही, बाहेरून काय कळणार?"

परवा आईनं सगळं नीट सांगितलं. मागच्या पत्रात मी फार बडबडले. मला अर्धंच ठाऊक होतं.

पहिल्या, लाल पथकाची पोरं फोन उंच धरून तुमच्या चौथऱ्यासमोर नाचली. फोनमध्ये माझ्या गेममधली पोरगी, अंगात लाल कपडे, हातात खेकड्याचं निशाण. "तुमचा खेकडा आता आमच्याकडे नांदायला आलाय! हुंडा कधी पाठवताय?" असं ओरडली म्हणे. दगड उडाले. सुपींच्या पुतण्याचं डोकं फुटलं. मग सुपींनी तुम्हालाच मध्ये उभं केलं. पथकाचे प्रमुखच ते, विचारणारच. लाल पथकाच्या पोरीच्या हाती आपलं निशाण गेलं कसं? क्वामिना, तू दिलंस? तुम्ही म्हणालात, "मी दिलं नाही. तिनं घेतलं."

म्हणजे "चोर" हा शब्द तुम्ही असा उच्चारलात. दिलं म्हणाला असता तर तुम्ही पथकाचे गद्दार ठरला असता. आणि एवढं बोलूनही सुपींनी तुमचं निशाण पेटीत घालून किल्ली स्वतःच्या कमरेला लावली. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. अक्वाम्बोला, वाटा साफ करायच्या सणाला, तुम्ही निशाण घेऊन नाचला नाहीत असं एक वर्ष मला आठवत नाही. हिवतापातही नाचलात. आई चादर घेऊन मागे धावत होती.

आता लाल रंगाचं. बाबा पहिल्या पथकाचे, म्हणून मीही पहिल्या पथकाची. रंग बापाकडून यायचा आणि घर आईकडून, आणि आईचं घर म्हणजे मामा. बाबांना समुद्रानं नेलं तेव्हा मला पाऊल टाकता येत नव्हतं. त्यांचं माझ्याकडे काय उरलंय? तो लाल रंग. आणि तुमच्याकडून मिळालं ते निशाण. मी दोन्ही एका पोरीला दिलं. चित्र पुरं झालं तेव्हा वाटलं, ही तर मीच. अक्रात ज्यानं बघितलं त्यानं वा वा केलं. पण आपल्या गावातल्या शेंबड्या पोरालाही त्या चित्राचा एकच अर्थ कळतो, लालांनी निळ्यांचं निशाण पळवलं. पूर्वीची लढाईची पथकं ही, आजोबांच्या वेळी यावरून माणसं मेली. मला हे माहीत नव्हतं का? माहीत होतं. काढताना डोक्यात आलं नाही, एवढंच. हात दाखवून अवलक्षण केलं.

पुन्हा वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, चित्र शिवलं मामांनी, म्हणजे मामांचं. निशाण पथकाचं, म्हणजे पथकाचंही. आणि पिढीजात परंपरेतलं ठरलं तर सरकारचीही परवानगी हवी. मी म्हटलं, "बाई, एका खेकड्याला तीन बाप?" त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आणि तू तिघांपैकी एकालाही विचारलं नाहीस." पुढे असंही म्हणाल्या, की नोंदणी कुठेच नाही, तुझ्यावर कोर्टात कुणी जाणार नाही. योफी म्हणाला, मग मिटलं की!

मामा, गेम मी अजून काढून टाकलेला नाही. नैरोबीच्या गेम-मेळाव्यासाठी त्याची निवड झालीय. सगळ्या आफ्रिकेतून लोक येणार आहेत, आणि आमच्यासारख्यांना अशी संधी परत परत मिळत नाही. हे मागच्या पत्रात लिहिणार होते. लिहिलं नाही.

तुम्ही एक ओळ लिहा. "काढ" एवढं एका कागदावर लिहा आणि अटोकडे द्या. मी काढते. नुसतं गप्प बसलात तर मी काय समजायचं?

अराबा

•

अक्रा, २१ जून

मामा,

तुमची ओळ आली नाही. गेम मी काढून टाकला.

का काढला ते सांगते. मला एकदम शहाणपण सुचलं असं समजू नका. टाकोराडीच्या कुणा पठ्ठ्यानं आमच्या गेमवरून आपला गेम केला. त्यात खेकड्याला चपलेनं मारायचं. तोच खेकडा, मी काढलेला, तुमच्या टाक्यांसकट. चपटा झाला की चंद्र फुटतो आणि शिट्टी वाजते. आपल्याकडच्या पोरांना तर सोनंच सापडलं, घराघरात चपलांचे आवाज. आणि खाली पाटी, मी केवळ चाहता, सर्व हक्क मूळ मालकांचे!

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मिमोच्या कंपनीचं जुनं पत्र शोधून काढलं आणि त्यावरूनच त्या पठ्ठ्याला नोटीस लिहायला बसले. म्हणजे नोटीससुद्धा दुसऱ्याची चोरून. "सदर चित्र माझ्या मालकीचं असून ते माझ्या परवानगीशिवाय" इथपर्यंत झोकात आले. पुढे मालकाचं नाव लिहायचं होतं. माझं नाव लिहायला हात पुढे जाईना. तुमचं लिहिलं, आणि ते वाचून मला रडू कोसळलं. योफी धावत आला, त्याला वाटलं आईला काही झालं.

त्या कंपनीचा शिक्का बघून मी थरथर कापले आणि उभ्या उभ्या गेम काढला. त्यांना मी कधी पाहिलं नाही, त्यांनी मला पाहिलं नाही. तुम्ही मला वाढवलंत. तुम्ही फोन डब्यात घातलात, जेवण टाकलंत, चौथऱ्याकडे जाणं सोडलंत, आणि मी तुमच्याकडे कागद मागत बसले. मला माझी फार लाज वाटते.

टाकोराडीवाल्याला मी साधं लिहिलं, की खेकडा माझ्या मामांचा आहे आणि त्यांना त्रास होतोय. त्यानं लगेच काढला, वर "माफ कर ताई" म्हणाला. पण पोरांच्या फोनमध्ये गेलेला गेम कोण परत आणणार?

गेम आम्ही नव्यानं करतोय, त्यातल्या पोरीचे कपडे आता मातीच्या रंगाचे आहेत आणि निशाण कोरं, पांढरं. नैरोबीला नाही म्हणून कळवलं. योफी चिडला, आणि त्याचंही चुकलं नाही. म्हणाला, "खेकडा तुझ्या मामाचा, अराबा, पण राबलो मीही होतो. मला तरी विचारायचंस!" मी कुणालाच काही विचारत नाही, असं दिसतंय.

पुढच्या महिन्यात गावी येतेय. रीतसर माफी मागायला येतेय, मेंढा आणि जिनच्या बाटल्या घेऊन.

अराबा

•

अक्रा, १९ जुलै

मामा,

तुम्ही सगळं डोळ्यांनी बघितलंत, तरी लिहिते. कारण तुम्ही माझ्याकडे पाठ करून बसला होतात आणि पाठीला डोळे नसतात.

चौथऱ्यासमोर मी अनवाणी उभी राहिले तेव्हा सुपी म्हणाले, "अक्राच्या बाईंना खुर्ची द्या रे. नको, थांबा! ती खुर्चीपण घेऊन जाईल." सगळे खो खो हसले. आईसुद्धा तोंडाला हात लावून हसली, मी बघितलं. मलाही बरं वाटलं, कारण माणसं हसतात तोवर मारत नाहीत.

मग मेंढा त्यांनी मान चाचपून बघितला, बाटल्यांची बुचं हुंगली. जिन जमिनीवर ओतून पूर्वजांना सांगितलं, की क्वामिनाच्या बहिणीची पोर आलीय, तिनं न विचारता घेतलं, ती कबूल करतेय. मी मोठ्यानं म्हटलं, "मामांनी दिलं नव्हतं. मीच घेतलं." हे म्हणायलाच मी आले होते.

मला वाटलं होतं, आता सुपी कमरेची किल्ली काढतील. त्यांनी किल्लीवर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरीला माफ केलं. पण त्या खेकड्यानं घराघरात चपला खाल्ल्यात. चपला खाल्लेलं निशाण या चौथऱ्यासमोर नाचत नाही. क्वामिना, अक्वाम्बोच्या आत नवं शीव. नवं चित्र. नाही जमलं तर यंदा कडेला उभा राहून बघ."

कडेला उभे राहून तुम्ही, मामा!

तुम्ही एकच शब्द बोललात, "शिवीन." तोही सुपींना. आणि उठताना काठी शोधलीत तेव्हा तुमचे हात मला दिसले. कधीपासून थरथरतात? आई म्हणते, सुई ओवायला तिला हाक मारता आणि ओवून दिली की "डोळ्यांत कचरा गेला होता" म्हणता. मी आईजवळ निरोप ठेवला, की मी राहते, टाके घालते. तुम्ही मान हलवलीत म्हणे, आडवी.

पण मी निघाल्यावर तुम्ही आईला विचारलंत, "तिच्या त्या खेळात आता निशाणावर काय आहे?" आई म्हणाली, काही नाही, कोरं आहे. तुम्ही म्हणालात, "हूं."

त्या हूंचा अर्थ मी अजून लावतेय. निशाणाचं काय ठरलं, कळवा. आईकरवी कळवलंत तरी चालेल.

अराबा

•

अक्रा, १४ ऑगस्ट

माझे मामा,

अटो आज गाडी रस्त्यातच उभी करून वर आला. मागचे लोक भोंगे वाजवत होते. हातात वर्तमानपत्रात बांधलेलं बोचकं. म्हणाला, "मामांनी दिलंय. आणि तोंडी सांगितलंय, ते पाठ करून आलोय, आधी ऐक, नाहीतर विसरेन." मग डोळे मिटून तुमच्या आवाजात म्हणाला, "ही तुझी आहे. हिच्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. भिंतीवर तूच काढली होतीस, मी बघितलंय. कोरं निशाण बरं दिसत नाही."

मी सोडलं. योफी शेजारीच होता. तो आता माझ्याशी बोलतो, म्हणजे कामापुरतं. त्यानं बघितलं आणि तो हसायला लागला, पोट धरून हसला, आणि मग माझ्याकडे बघून एकदम थांबला.

मामा, तुम्ही मिमो शिवलीत.

निळी छत्री, गळ्यात घंटा. घंटेला खरं पितळी बटण लावलंय, तुमच्या सणाच्या सदऱ्याचं, मी ओळखलं. एक डोळा मोठा आणि एक लहान, कारण मी भिंतीवर तसेच काढले होते. कडेचे टाके वाकडेतिकडे गेलेत, दोन ठिकाणी रक्ताचा ठिपका आहे. एवढं सुंदर मला आजवर कुणी काही दिलेलं नाही. मी ते तोंडावर घेऊन बराच वेळ बसले. तुमच्या खोलीतल्या कापडाचा आणि धुराचा वास अजून आहे त्याला.

आणि मामा, मी ते गेममध्ये घालू शकत नाही. हे तुम्हाला कसं सांगावं यावर मी आणि योफी तासभर वाद घालत होतो. तो म्हणाला, सांगूच नकोस, म्हाताऱ्याचं मन मोडेल. पण तुमच्याशी लपवाछपवी केली की काय होतं ते मी बघितलंय. मिमो माझी नाही. भिंतीवर मी काढली तरी ती त्या कंपनीचीच. तिच्यापायीच तर पहिलं पत्र आलं होतं. तुम्ही मला नुसतं विचारलं असतंत तरी सांगितलं असतं! असं मी अटोला म्हणाले. अटो म्हणाला, "कोण बोलतंय बघा." मग तोही हसला आणि मीही हसले. रडत रडतच.

तेवढ्यात मला तुमचं सणाचं निशाण आठवलं. आईला फोन लावला. विचारलं, मामांचं स्वतःचं निशाण कुठवर आलं? आई म्हणाली, "त्यांच्या हातात जेवढे टाके होते ते त्यांनी तुझ्यावर खर्च केले गं. स्वतःचं कापड अजून घडी घातलेलं आहे. विचारलं तर म्हणतात, उभा राहून बघेन, त्यात काय मोठंसं."

नाही, मामा. ते मी होऊ देणार नाही.

मिमोला मी माझ्या खोलीत भिंतीवर लावलीय. तिथे तिच्यावर कुणी हक्क सांगायला येत नाही, आणि आले तर योफी दारात उभा राहतो म्हणालाय. सणाला अजून दिवस आहेत. परवा मी अटोच्याच गाडीनं निघतेय. योफीला विचारून निघतेय. दाराला आतून कडी लावलीत तर चौथऱ्यावर बसून राहीन, मग सुपींची बोलणी तुम्हीच ऐका.

सुई मी ओवेन. कापड मी धरेन. म्हणालात तर टाके घालेन, नाही म्हणालात तर शेजारी बसून मासे साफ करेन. निशाणावर काय यायचं ते तुम्ही सांगायचं, मी तोंड उघडणार नाही. झाल्यावर फोटोही काढणार नाही.

येताना मी बाजारातून जाणार आहे. तिथे पिवळं चांगलं मिळतं, पण यावेळी मी आपल्या मनानं घेणार नाही. तुमचा फोन डब्यातून काढा, मामा, आणि मला सांगा, कोणत्या रंगाचं कापड आणू?

तुमची,
अराबा